तेहतीस डेसिबल

अहवालाच्या सातव्या पानावर माझा आकडा होता. तेहतीस पूर्णांक चार डेसिबल. खाली बारीक अक्षरात माझं नाव: मोजमाप, जुई खांबेटे, एम.एस्सी. भौतिकशास्त्र.

आकडा खरा होता. तो मीच मोजला होता, पाच शाळांमधल्या अकरा खोल्यांत, फोनवरच्या ॲपने, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन मिनिटं. ॲपची चूक दोन-तीन डेसिबलची असू शकते, हेही मी वहीत लिहून ठेवलं होतं. अहवालात त्याच्या शेजारी दुसरा आकडा होता, बहात्तर. तो ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरातल्या आमच्या शाळेचा, माझ्याच वर्गातला, गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतरचा. दोन्ही आकड्यांचे निळे खांब शेजारी शेजारी उभे केले होते आणि वर मथळा होता: 'खुल्या वर्गांमुळे येणारी शांतता: स्कॅन्डिनेव्हियातला आमचा अनुभव.'

माझ्या मूळ तक्त्यात पाच रकाने होते. ठिकाण, तारीख, वेळ, आवाज आणि खोलीतली मुलं. अहवालातल्या तक्त्यात चारच होते. पाचवा काढून टाकला होता. त्या रकान्यात अकराही ओळींमध्ये शून्य होतं.

मी स्टाफरूममध्ये टोस्ट खात होते. तोंडातला घास गिळवेना. कोणी बघत नाही असं पाहून मी तो पेपर टॉवेलमध्ये थुंकले आणि पुन्हा एकदा तो खांब बघितला. एखाद्या खोलीत तीस मुलं नुसती बसून राहिली, कोणी एक शब्द बोललं नाही, तरी खुर्च्यांच्या आणि चपलांच्या चुळबुळीनेच आकडा चाळीसच्या वर जातो. तेहतीस म्हणजे बंद खोली. कुठेतरी पंखा चालू आहे, एवढंच.

शून्य का होतं, ते सांगते.

२०१७च्या जुलैत, आमच्या हिवाळ्याच्या दोन आठवड्यांच्या सुट्टीत, आमच्या शाळेतले आठ शिक्षक डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंड इथल्या शाळा बघायला गेलो. एका ट्रस्टने अनुदान दिलं होतं. आखणी केली होती मकरंद टिळेकरने. मकरंद आमचा उपमुख्याध्यापक, मूळचा नाशिकचा, विद्यार्थी म्हणून ऑकलंडला आला आणि इथलाच झाला. मला ही नोकरी लागली ती त्याच्याच शब्दामुळे. "सर म्हणू नकोस गं, इथे सगळे नावाने बोलावतात," असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता, तेव्हा मला तो फार आवडला होता.

तारखा त्यानेच ठरवल्या. नाशिकमध्ये शाळा जूनमध्ये उघडतात. न्यूझीलंडमध्ये जुलै म्हणजे शाळेच्या वर्षाचा मध्य. या दोन ठिकाणी ज्याचं आयुष्य गेलं, त्याला जुलैत कुठे शाळा बंद असतील हे सुचलंच नाही. मलाही सुचलं नाही. मी सांगलीची, आमची सुट्टी मे महिन्यात. आमची मुख्याध्यापिका ग्लेनिस जन्मापासून इथलीच, तिची मोठी सुट्टी नाताळात. आठपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की पृथ्वीच्या त्या टोकाला उन्हाळा आहे, आणि उन्हाळा असला की मुलं घरी असतात.

पाच शाळांना मेल गेल्या होत्या. पाचही ठिकाणांहून काही सेकंदांत उत्तरं आली होती, त्या-त्या भाषेत, सगळ्यांची सुरुवात 'धन्यवाद'ने. मकरंदने ती 'कन्फर्मेशन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. ती मशीनने पाठवलेली होती: आम्ही सुट्टीवर आहोत, ऑगस्टमध्ये भेटू. भाषांतर करून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं. गटात विज्ञानाची पदवी असलेली मी एकटीच होते आणि मीही ते केलं नाही.

कोपनहेगनच्या पहिल्या शाळेचं फाटक बंद होतं. बेल वाजवल्यावर दहा मिनिटांनी किल्ल्यांचा जुडगा घेतलेला एक केअरटेकर आला. त्याला वाटलं आम्ही वाट चुकलोय. मकरंदने त्याला फोल्डर दाखवलं. त्याने पहिली मेल वाचली, मग आमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काय करावं न सुचून त्याने आम्हाला आत घेतलं. मी त्याच्या जागी असते तर हसले असते. तो हसला नाही.

न्यूझीलंडची मंडळी कुठे पाहुणी म्हणून गेली की भाषण झाल्यावर सगळ्यांनी उभं राहून माओरी गाणं म्हणायचं, असा रिवाज आहे. एरवी मला तो आवडतो. आम्ही महिनाभर स्टाफरूममध्ये एक गाणं बसवलं होतं. ग्लेनिस म्हणाली, आलोच आहोत तर म्हणूया. शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. शिडीवर एक रंगारी छताला पांढरा रंग देत होता. मकरंदने 'किया ओरा', म्हणजे माओरीत नमस्कार, म्हणून सुरुवात करत त्या दोघांना शिक्षणातल्या भागीदारीवर चार मिनिटं भाषण दिलं. मग आम्ही एका ओळीत उभं राहून गायलो. रंगारी शिडीवरून उतरला, त्याने टोपी काढली. त्याच्या मनगटावरून रंग कोपरापर्यंत ओघळत होता, पण गाणं संपेपर्यंत त्याने तो पुसला नाही. मग दोघांनी टाळ्या वाजवल्या. ग्लेनिसने केअरटेकरला कीवी पक्ष्याचं चित्र असलेला टी-टॉवेल भेट दिला.

त्या क्षणी कोणीतरी म्हणायला हवं होतं: आपण चुकलो, घरी कळवूया. कोणी म्हणालं नाही. बसमध्ये बसल्यावर क्रेग, आमचा खेळाचा शिक्षक, म्हणाला, "स्वीट ॲज, झकास. म्हणजे आता सगळे दिवस मोकळेच." सगळे हसले. मीही.

पुढच्या चार शाळा अशाच. फोन करून कोणा रखवालदाराला गाठायचं, दार उघडून घ्यायचं, मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसून एकमेकांचे फोटो काढायचे. स्वीडनमधल्या शाळेत एका खोलीत सहा लहान मुलं होती, ज्यांचे आईवडील कामावर जातात त्यांच्यासाठी सुट्टीतली सोय. आम्ही आठजण फोन वर धरून दारात गर्दी करताच तिथल्या तरुण बाईने पंजा समोर धरला आणि दार लावून घेतलं. बरोबर केलं तिने.

मला वेळ लिहून ठेवायची सवय आहे. तेरा दिवसांत आम्ही पाच शाळांमध्ये मिळून तीन तास चाळीस मिनिटं होतो. बाकीचा वेळ बोटी, फियोर्ड, दुकानं आणि हॉटेलचा नाश्ता. नाश्त्याला मकरंद उकडलेली अंडी नॅपकिनमध्ये गुंडाळून बॅगेत टाकायचा, "दुपारचं काम झालं" म्हणत. चौथ्या दिवसापासून बसला अंड्यांचा वास यायला लागला. क्रेगच्या ओल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, माझ्या सीटखाली वाळत असायच्या. रात्री साडेदहालाही बाहेर लख्ख असायचं आणि तो उजेड मला अंगावर चिकटल्यासारखा वाटायचा. मग मी रिकाम्या वर्गांचा आवाज मोजायला लागले. त्यात शास्त्र काही नव्हतं. आपण काहीतरी काम केलं असं वाटावं, एवढ्यासाठी. परतल्यावर मकरंदने तक्ता मागितला, मी लगेच पाठवला. वर थोडी ऐटही होती: बघा, मी तरी काही मोजून आणलं.

ही सगळी घाण मी पोटात ठेवली असती. आम्ही आठही जणांनी ठेवलीच होती. पण अहवालाच्या अकराव्या पानावर शिफारस होती: आठव्या इयत्तेच्या दोन वर्गांमधल्या भिंती पाडून एक मोठा खुला वर्ग करावा, आणि या दोन भिंतींमध्ये असलेली वाचनाची छोटी खोली बंद करावी.

ती खोली गौतमीताईंची.

गौतमी मेश्राम नागपूरला अकरा वर्षं मराठी शाळेत शिक्षिका होत्या. नवरा, धम्मपाल, इंजिनियर. त्याच्या नोकरीसाठी इथे आल्या. त्यांचं बी.एड. इथे चालत नाही, म्हणून आमच्या शाळेत त्या टीचर एड, म्हणजे शिक्षकांच्या मदतनीस, आहेत. त्यांच्याकडे चौदा मुलं येतात, बारा-तेरा वर्षांची, वाचता न येणारी. तीन तीनच्या गटात येत नाहीत, एकेक येतात. कारण या वयाच्या मुलाला वाचता येत नसेल तर तो दुसऱ्यासमोर मरेल पण वाचणार नाही. तो खुर्ची फेकेल, शिवी देईल, संडासात जाऊन बसेल. दार बंद झालं आणि खोलीत गौतमीताईंशिवाय कोणी नसलं की तोच मुलगा बोट ठेवून एकेक शब्द वाचतो. त्या मध्ये एकही शब्द बोलत नाहीत. एवढीच त्यांची पद्धत. गेल्या वर्षी सोळापैकी अकरा मुलं त्यांच्याकडून पुस्तक वाचत बाहेर पडली. हा आकडा मी मोजलेला नाही, पण ती मुलं माझ्या वर्गात बसायची, म्हणून मला माहीत आहे.

जूनमध्येच बिल्डर येऊन त्या खोलीची मापं घेऊन गेला होता. "मुलगी वाचत होती गं आत," गौतमीताई मला म्हणाल्या होत्या, "आणि हा टेप लावतोय भिंतीला. तिला म्हणतो, डोन्ट माइंड मी. ती उठून गेली, तीन दिवस आली नाही."

आणि सहलीहून परतल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं.

"जुई, एक सांग. तिकडे हळू वाचणारी मुलं कुठे बसतात? वेगळी बसवतात का? ते कळलं तर मला शाळेच्या बोर्डासमोर बोलता येईल."

मला खरं सांगता आलं असतं. पण त्या क्षणी मला तो हॉल आठवला, आम्ही ओळीत उभे असलेले, आणि इतकी लाज वाटली की जे तोंडात आलं ते बोलून गेले.

"वेगळी नाही बसवत, ताई. सगळी एकत्रच. छान वाचतात."

त्यांनी जरा विचार केला. "अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे मग त्यांचंच बरोबर असेल. आम्ही आपलं आमच्या गावाकडच्यासारखं करत बसतो."

त्या कुत्सितपणे म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

*

अहवाल वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मी मकरंदला पापाटोएटोला गाठलं. तो दर शनिवारी तिथल्या भारतीय दुकानांतून आठवड्याची भाजी घेतो आणि फरसाणवाल्याच्या बाकावर बसून समोसे खातो. मी अहवालाची प्रिंट समोर ठेवली.

"पाचवा रकाना कुठे गेला?"

"बस ना आधी. समोसा घे. अगं पानात मावत नव्हता तो."

"शून्य मावत नव्हतं?"

तो हसला. चिंचेच्या चटणीने भरलेल्या बोटाने त्याने पान उलटलं आणि मग ते बोट चाटलं. माझ्या नावाच्या बाजूला तपकिरी डाग पडला. "जुई, तू फार सायंटिस्ट होतेस. रिपोर्ट म्हणजे पीएचडी नाही गं. ट्रस्टला काहीतरी द्यावं लागतं."

"द्या ना. लिहा की शाळा बंद होत्या."

"आणि मग? परत कोणाला ग्रँट मिळेल? आपल्या शाळेतल्या पोरांनाच तोटा." हे तो मनापासून बोलत होता. त्याचा हा मनापासूनपणाच मला सहन होईना. "आणि हे बघ, भिंती पाडायचं ग्लेनिसने कधीच ठरवलंय. आजूबाजूच्या हीप्स ऑफ शाळांनी पाडल्यात. आपण फक्त कारण आणायला गेलो होतो."

"गौतमीताईंचं काय?"

"त्यांना दुसरं मिळेल. सुपरमार्केटमध्ये यापेक्षा जास्त तास असतात."

"आणि ती मुलं?"

"इंटिग्रेट होतील." त्याने दुसरा समोसा फोडला, आतली वाफ बाहेर येऊ दिली. "तुझी पक्की नोंदणी डिसेंबरात ना? माझी सही लागेल. मी पेपर काढून ठेवलेत, काळजी करू नकोस."

न्यूझीलंडमध्ये नव्या शिक्षकाची पहिली दोन वर्षं कच्ची नोंदणी असते. वरिष्ठाने सही केली तर ती पक्की होते, नाही केली तर पुढचं सगळं अडतं, नोकरीपासून व्हिसापर्यंत. त्याने धमकी दिली नव्हती. त्याने मला समोसा दिला होता. मी तो खाल्ला नाही, पण प्लेट सरकवूनही दिली नाही. प्लेटमध्ये तेल थिजेपर्यंत तिथेच बसून राहिले.

*

बोर्डाची सभा मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला शाळेच्या लायब्ररीत होती. टेबलावर सॉसेज रोल आणि लॅमिंग्टन केक. सुरुवातीला प्रार्थना झाली. मग मकरंदने दिवे मंद करून पडद्यावर फोटो लावले. मोठ्या काचा, पिवळं लाकूड, लोळायला उशा, एकही मूल नाही.

"विद्यार्थ्यांच्या प्रायव्हसीसाठी तिकडे फार कडक कायदे आहेत," मकरंद इंग्रजीत म्हणाला, "म्हणून फोटोत मुलं नाहीत."

मी ग्लेनिसकडे पाहिलं. ती मान डोलवत होती. तिने त्या हॉलमध्ये माझ्या शेजारी उभं राहून गाणं म्हटलं होतं.

बोर्डाचा अध्यक्ष टेविटा, मूळचा टोंगा बेटांवरचा, मोठ्या अंगाचा, हळू बोलणारा माणूस. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याच्या खात्यात सुपरवायझर आहे. तो म्हणाला, "ज्या मुलांना वाचता येत नाही ती या उशांवर काय करतात?"

"ती सगळ्यांमध्ये मिसळून जातात," मकरंद म्हणाला आणि निळ्या खांबांचं पान लावलं. "आवाजाचं हे मोजमाप आमच्या जुईने केलंय. ती फिजिसिस्ट आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

"त्या खोल्यांमध्ये कोणी नव्हतं," मी म्हणाले.

"कोणी बोलत नव्हतं?" टेविटाने विचारलं.

"कोणी नव्हतं. शाळांना उन्हाळ्याची सुट्टी होती. पाचही. मी मुलांचा रकाना ठेवला होता, त्यात सगळीकडे शून्य आहे."

कोणीतरी सॉसेज रोल चावत होतं ते थांबलं. मागून क्रेग म्हणाला, "रंगारी होता की." दोन-तीन जण फसकन हसले. "आणि स्वीडनला होती मुलं," त्याने पुढे जोडलं, "मी बघितली." हे खोटं नव्हतं. त्यामुळेच ते जास्त घाणेरडं वाटलं.

मकरंद माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, तर पानावर शाई सांडल्यावर टीपकागद कुठे आहे हे बघावं तसा. पण बोलली ग्लेनिस. तिचा आवाज जराही हलला नाही.

"जुईने हे स्पष्ट केलं ते फार बरं झालं. हा पहिला टप्पा होता, इमारतींचा अभ्यास. मुलं वर्गात असताना बघणं हा दुसरा टप्पा, येत्या एप्रिलमध्ये. तेव्हा आपली सुट्टी असते आणि त्यांच्या शाळा चालू. तसंच ठरलं होतं."

दुसरा टप्पा हा शब्द मी तोवर कधी ऐकला नव्हता. बहुधा तिनेही नाही.

एक पालक-सदस्य, ज्याचा ट्रकचा धंदा आहे, वैतागून म्हणाला, "हे बघा, ट्रिप वाया गेली असेल तर गेली. ती सोडून द्या. भिंतींचं आजच मतदान घेऊ. बाकी शाळांनी ट्रिपशिवायच पाडल्या. बिल्डरला ऑक्टोबरची तारीख दिलीय." त्याच्या शेजारच्या दोघांनी मान हलवली. सात जणांचं बोर्ड. मी मोजलं: तो, ते दोघे आणि ग्लेनिस. चार.

"दुसरा टप्पा असेल तर पुरावा येईपर्यंत भिंतींना हात लावणं बरोबर नाही," ग्लेनिस म्हणाली. ती गौतमीताईंसाठी बोलत नव्हती. ती एप्रिलसाठी बोलत होती. "पुढच्या जूनपर्यंत थांबू."

टेविटाने चष्मा काढला आणि मला विचारलं, "तू खरं बोलणारी दिसतेस. दुसरा टप्पा पहिल्यापासून ठरला होता का?"

खरं उत्तर होतं 'नाही'. 'नाही' म्हटलं असतं तर ट्रिप खोटी ठरली असती, ग्लेनिसचं तोंड बंद झालं असतं, आणि मग ट्रकवाल्याचं मतदान झालं असतं. ऑक्टोबरमध्ये बिल्डर. चौदा मुलं मोठ्या उजेडाच्या खोलीत, उशांवर, सगळ्यांसमोर. तीन मिनिटांपूर्वी खरं बोलून मी जे मिळवलं होतं, ते आणखी एकदा खरं बोलले असते तर गेलं असतं.

"हो," मी म्हणाले. "ठरला होता."

टेविटाने चष्मा पुन्हा लावला. भिंती जूनपर्यंत पुढे ढकलल्या. एप्रिलच्या सहलीसाठी ट्रस्टला अर्ज करायचं एकमताने ठरलं. क्रेगने लॅमिंग्टनची बशी माझ्याकडे सरकवली आणि कानाशी म्हणाला, "लेजंड."

गाडीजवळ मकरंदने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांना सॉसेजचा वास होता. "पहिल्यांदा घाबरवलंस तू मला. पण शेवटी बरोबर खेळलीस," तो म्हणाला. "शिकतेस तू. डिसेंबरची तर काळजीच सोड. आणि एप्रिलला तूच कोऑर्डिनेटर, काय? तुझ्यासारखं बारीक बघणारं कोणी हवंच."

त्याने माझी स्तुती केली तेव्हा जी शिसारी आली, तशी त्याने रकाना काढला तेव्हाही आली नव्हती. कारण त्याचं म्हणणं खरं होतं. मी शिकले होते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गौतमीताईंच्या खोलीत गेले. त्या पेन्सिलींना टोक करत होत्या. मी सगळं सांगितलं, फाटकापासून शेवटच्या 'हो'पर्यंत. तिथली मुलं छान वाचतात असं मी म्हणाले होते ते खोटं होतं, हेही. त्या ऐकताना एकीकडे टोक करतच होत्या. लाकडाच्या पापुद्र्यांचा छोटा ढीग झाला.

"म्हणजे तुम्ही आठजण एवढ्या लांब जाऊन बंद शाळा बघून आलात."

"हो."

"आणि गाणं म्हटलं."

"हो, ताई."

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते चेहऱ्यावर फार वेळ राहू दिलं नाही. "मी ना, त्या सोमवारी घरी जाऊन धम्मपालला म्हटलं, मी चुकतेय बहुतेक. एकेकाला घेऊन बसते, त्याने मुलं मागेच राहत असतील. आठवडाभर झोप नाही लागली मला. दोन मुलांना मी एकत्र बसवूनही पाहिलं, तुझ्या त्या स्कॅन्डिनेव्हियासारखं. त्यातला एक अजून परत आला नाही."

"ताई, जूनपर्यंत तरी खोली राहील," मी म्हणाले. "तुमच्यासाठीच मी..."

"नाही." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे नको म्हणूस. काल तू जे बोललीस ते मुलांना उपयोगी पडेल, बरं झालं. पण माझ्यासाठी बोललीस असं नको. आधीचं खोटंही तू माझ्यापाशीच बोलली होतीस, ते काय माझ्यासाठी होतं?" त्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेल्या आणि बोटाने महिने मोजू लागल्या. "डिसेंबरला नऊ मुलं वरच्या शाळेत जातील. फेब्रुवारीत नवी येतील. त्यातल्या तिघा-चौघांना जूनपर्यंत आणता येईल वाचायला. पाच, फार तर."

"एप्रिलमध्ये तुम्हीच जा ना," मी म्हणाले. "मी ग्लेनिसला सांगते, माझ्या जागी. तुम्हाला कळेल काय बघायचं ते."

"एड लोकांना नेत नाहीत, ते टीचर्ससाठी आहे. मी मागच्या वर्षीच विचारलं होतं." त्यांनी पापुद्रे हातावर गोळा करून डब्यात टाकले. "तू जा. जाशीलच."

जाणार नाही, असं मला म्हणता आलं नाही. डिसेंबर आठवला.

दारात मेले नावाची एक मुलगी येऊन उभी राहिली, आठवीतली, उंच, केसांची घट्ट वेणी, पुस्तक पाठीमागे धरलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याच वर्गातली ती. माझ्या तासाला ती सगळ्यात मागे बसते आणि फळ्यावरचं उतरवून घेताना शेजारणीच्या वहीत बघते. दोन सत्रं मला ती आळशी वाटत आली होती.

"मिस, इज शी स्टेइंग?" तिने गौतमीताईंना विचारलं.

"नो, मेले. शी इज गोइंग."

मी उठले. मुलगी दारातून बाजूला झाली, पण पुस्तक काही तिने पुढे आणलं नाही. मी कॉरिडॉरच्या टोकाला वळेपर्यंत ती तशीच उभी होती, मी खरंच जाते की नाही ते बघत.